तू, तुम्ही आणि ‘उस्तेद’



संघटनेच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाने व्यासपीठावरून किमान वेतनावर बोलावे, कंत्राटी कामगारांवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. आज मात्र मी स्पॅनिश भाषेतील सर्वनामांवर बोलणार आहे. मी भाषापंडित नाही. शाळा लवकर सुटली; पुढे जे थोडेफार आले ते वाचनालयातून आणि माणसांकडून आले. परंतु ‘मी’, ‘तू’, ‘तुम्ही’ हे शब्द कोण कोणाला कसे वापरतो, याच्याशी माझा तीस वर्षे रोजचा संबंध आहे. स्पॅनिशच्या पहिल्या दहा-वीस वाक्यांतच तोच प्रश्न पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला, म्हणून हा विषय घेतला.

स्पॅनिशचा आणि आपल्या शहराचा संबंध काय, असे कोणी विचारील. वेरूळ-अजिंठ्याची लेणी पाहायला जगभरातून प्रवासी येतात. त्यांतल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांना त्यांच्याच भाषेत लेणी समजावून सांगता आली, तर मार्गदर्शकाच्या कामाला मोल येते. दुसरा संबंध कारखान्यांचा. मोटारींसाठी ॲल्युमिनियमचे ओतीव भाग बनवणारी आपल्या शहरातली औरंगाबाद इलेक्ट्रिकल्स ही कंपनी २०१९ साली महिंद्रा सीआयईने विकत घेतली. त्या समूहाची मूळ कंपनी स्पेनमधील बिल्बाओ शहराची आहे. म्हणजे सुमारे वीस देशांचा कारभार जिच्यात चालतो, आणि जी मातृभाषा म्हणून बोलणारे लोक पन्नास कोटींच्या घरात आहेत, ती भाषा आपल्या औद्योगिक वसाहतीच्या दारापर्यंत आलेली आहे.

मुकुंदवाडी हे एके काळी शहराबाहेरचे गाव. आज एका अंगाला सिडको, दुसऱ्या अंगाला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, आणि रेल्वे गावाला लागून, अशी ती कामगारांची वस्ती झाली आहे. तिथे आमच्या संघटनेच्या खोलीत चार-पाच मुलेमुली पाळी सुटल्यावर संध्याकाळी स्पॅनिशचा अभ्यास करतात. कोणाला मार्गदर्शक व्हायचे आहे, कोणाला परदेशी प्रशिक्षणाची आशा आहे. त्यांच्याजवळ इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारे एक पुस्तक आहे. पन्नाशी उलटल्यावर मीही वही घेऊन त्यांच्यात बसू लागलो.

एके दिवशी लेण्यांवर स्पॅनिश प्रवाशांबरोबर काम केलेले एक जुने मार्गदर्शक आमच्याकडे आले. मुलांनी मोठ्या हौसेने त्यांना वाक्ये म्हणून दाखवली : मी काम करतो, मी मुकुंदवाडीत राहतो, मी मराठी बोलतो, मी चहा पितो. प्रत्येक वाक्याचा आरंभ ‘यो’ने, म्हणजे ‘मी’ने. ते गृहस्थ हसून म्हणाले, “भाषा बरोबर आहे रे बाळांनो, पण एवढे मी-मी कशाला करता?”

माझ्या मते या एका प्रश्नात नवशिक्यांसाठी अर्धे व्याकरण आहे. मुलांची चूक स्पॅनिशची नव्हती, इंग्रजीची होती. इंग्रजीत कर्ता सांगितल्यावाचून वाक्य उभे राहत नाही. तिथे क्रियापद जवळजवळ मुके असते. कोण करतो ते सांगायला सर्वनाम लागतेच. मराठीचे तसे नाही. रस्त्यात कोणी विचारले, “कुठे चाललास?” तर आपण म्हणतो, “घरी चाललो.” त्यात ‘तू’ नाही, ‘मी’ नाही, तरी कोणाचा गोंधळ होत नाही, कारण ‘चाललास’च्या शेवटच्या ‘स’मध्ये ‘तू’ बसलेला आहे. स्पॅनिश क्रियापदही असेच बोलके आहे.

‘काम करणे’ हेच क्रियापद घेऊ. आम्हा लोकांना ते जवळचे. स्पॅनिशमध्ये ते ‘त्राबाखार’. यातला ‘ख’ साधा नव्हे, उर्दूतल्या ‘ख़बर’मधला घशातून येणारा आहे. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला तो घोटावा लागत असेल. आपल्या शहराच्या कानाला तो पिढ्यान् पिढ्या ओळखीचा आहे. आता त्याची रूपे पाहा :

यो त्राबाखो : मी काम करतो, मी काम करते.
तू त्राबाखास : तू काम करतोस, करतेस.
उस्तेद त्राबाखा : तुम्ही काम करता (एकाच व्यक्तीला, आदराने).
एल त्राबाखा : तो काम करतो.
एया त्राबाखा : ती काम करते.
नोसोत्रोस त्राबाखामोस : आम्ही काम करतो.
उस्तेदेस त्राबाखान : तुम्ही सर्व काम करता.
एयोस किंवा एयास त्राबाखान : ते किंवा त्या काम करतात.

‘त्राबाखो’ म्हटले की ‘मी’ आलाच, आणि ‘त्राबाखामोस’ म्हटले की ‘आम्ही’ आलेच. म्हणून “तुम्ही कुठे काम करता?” याचे सहज उत्तर ‘त्राबाखो एन वाळूज’ एवढेच आहे. ‘यो’ लावला म्हणून वाक्य चुकत नाही, पण त्याच्यावर जोर पडतो. दुसऱ्यापासून वेगळे दाखवायचे असेल तिथे तो जोर हवाच : ‘यो त्राबाखो, एल देस्कान्सा’, म्हणजे मी काम करतो आणि तो आराम करतो. मराठीतही असा विरोध दाखवताना आपण ‘मी’ गाळत नाही. दार वाजले आणि आतून “कोण?” असे आले, तर स्पॅनिश माणूस ‘सोय यो’ म्हणतो, शब्दाला शब्द ठेवला तर ‘आहे मी’. तिथे ‘यो’ हेच उत्तर असते. सारांश, मराठीत जिथे ‘मी’ तोंडातून आपोआप गळतो तिथे ‘यो’ गाळावा, आणि जिथे तो ठासून येतो तिथे ठेवावा. हा कान आपल्याला आईकडून मिळालेला आहे. तो इंग्रजी पुस्तकाच्या दाराशी काढून ठेवायचे कारण नाही.

‘तू’ हा शब्द तर शिकावाही लागत नाही. मराठीचा ‘तू’ आणि स्पॅनिशचा ‘तू’ हे एकाच जुन्या घराण्यातले, संस्कृतातल्या ‘त्वम्’चे आणि लॅटिनमधल्या ‘तू’चे वंशज. नात्याची दुसरी खूण अशी, की ‘मला’ आणि ‘तुला’ यांना स्पॅनिशमध्ये ‘मे’ आणि ‘ते’ म्हणतात. संस्कृत स्तोत्रे पाठ असलेल्या श्रोत्यांना ही रूपे कुठे भेटली आहेत, हे सांगायला नको. वाक्यात त्यांची जागाही आपल्याला सोयीची आहे. ‘ते यामो मान्याना’ म्हणजे ‘तुला बोलावतो उद्या’, किंवा आजच्या भाषेत ‘तुला उद्या फोन करतो’. ‘तुला’ आधी आणि क्रियापद नंतर. इंग्रजीत हे उलटे असते.

मराठी माणसाला खरा आनंद होतो तो आवडीनिवडीच्या वाक्यांत. इंग्रजीत माणूस कर्ता होऊन आंबा ‘आवडवतो’. मराठीत आंबा कर्ता असतो आणि माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा राहतो : ‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’. आंबे अनेक झाले की क्रियापद अनेकवचनी झाले. ‘मला’ तसाच राहिला. स्पॅनिशमध्ये तंतोतंत हेच आहे : ‘मे गुस्ता एल मांगो’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. इंग्रजीच्या वाटेने जाणारा इथे हमखास अडखळतो आणि ‘यो’ घुसडतो. डोके दुखले तर ‘मे दुएले ला काबेसा’, म्हणजे ‘मला दुखते डोके’. आवडणे आणि दुखणे या गोष्टी माणूस करीत नाही, त्या माणसाला होतात, एवढी समजूत दोन्ही भाषांत सारखी आहे.

आमच्या क्षेत्रातले एक उदाहरण देतो. ‘पगार’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, चुकते करणे. स्पॅनिशमध्येही क्रियापद तेच. ‘कुआन्दो मे पागान?’ म्हणजे ‘मला पैसे कधी देतात?’ देणारे कोण, याचा वाक्यात पत्ता नाही. नुसते अनेकवचनी क्रियापद. मराठीतही “इथे पगार कधी देतात?” असेच विचारतो. देणारा मालक की कंत्राटदार, हे ज्याला कधीच नीट कळू दिले जात नाही, त्या कंत्राटी कामगाराला हे वाक्य फार लवकर पाठ होते.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे ‘उस्तेद’कडे येतो.

सोळाव्या-सतराव्या शतकात स्पेनमध्ये थोरामोठ्यांना ‘बुएस्त्रा मेर्सेद’ म्हणत. अर्थ ‘आपली कृपा’. त्याआधी आदरासाठी ‘बोस’ हे सर्वनाम होते. पण आदराचे शब्द नाण्यांसारखे झिजतात. जो तो ज्याला त्याला ‘बोस’ म्हणू लागल्यावर त्याचे मोल उतरले आणि नवे भारी नाणे पाडावे लागले. आपल्याकडे ‘तुम्ही’ पुरेनासे झाले तेव्हा ‘आपण’ पुढे आले, तशातलाच हा प्रकार. पुढे ‘बुएस्त्रा मेर्सेद’ही लोकांच्या तोंडी घासत-घासत आखूड झाले आणि सतराव्या शतकात ‘उस्तेद’ होऊन बसले. गोव्यात १९६१ पर्यंत ज्यांचे राज्य होते, त्या पोर्तुगीजांच्या भाषेतला ‘व्होसे’ हाही अशाच ‘आपली कृपा’चा आखूड झालेला अवतार आहे.

हा इतिहास माहीत असला की व्याकरणातले एक कोडे सुटते. ‘उस्तेद’चा अर्थ ‘तुम्ही’, मग त्याचे क्रियापद ‘तो’सारखे का? ‘उस्तेद त्राबाखा’ आणि ‘एल त्राबाखा’ एकच कसे? याचे उत्तर आपल्या मराठवाड्याला सोपे जावे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. दरबारात समोरच्याला सरळ ‘तुम्ही’ म्हणण्याची छाती नसे. “हुजूर काय फर्मावतात?”, “सरकारांची काय मर्जी आहे?” असे विचारीत. माणूस समोर बसलेला, पण बोलणे जणू तिसऱ्याच कोणाविषयी चालले आहे. ‘उस्तेद’ म्हणजे असा एक झिजलेला ‘हुजूर’ आहे. हुजूर काम करतात, कृपा काम करते. म्हणून क्रियापद तृतीय पुरुषी.

त्यातून व्यवहाराचा एक नियम निघतो. ‘त्राबाखा’ एवढेच म्हटले तर ‘तो’, ‘ती’ आणि ‘तुम्ही’ असे तिन्ही अर्थ संभवतात. म्हणून ‘उस्तेद’ हा शब्द इतर सर्वनामांपेक्षा अधिक वेळा स्पष्ट उच्चारतात. अर्थही कळतो आणि अदबही राखली जाते. मी आमच्या मुलांच्या वहीत एक ओळ लिहून दिली : ‘यो’ गाळा, ‘उस्तेद’ ठेवा. पहिल्या भेटीचे संभाषण मग असे होते :

“कोमो से यामा उस्तेद?” (आपले नाव काय?)
“मे यामो सुनीता. इ उस्तेद?” (माझे नाव सुनीता. आणि आपले?)
“मे यामो कार्लोस. दोन्दे त्राबाखा उस्तेद?” (माझे नाव कार्लोस. आपण कुठे काम करता?)
“त्राबाखो आकी, एन लास कुएवास.” (इथेच, लेण्यांत काम करते.)

सुनीताने एकदाही ‘यो’ म्हटले नाही, हे लक्षात घ्या. समवयस्क मैत्रीण भेटली असती तर पहिला प्रश्न ‘कोमो ते यामास?’ असा झाला असता आणि उलट प्रश्न ‘इ तू?’ असा.

परक्याला, वयाने मोठ्याला, अधिकाऱ्याला आणि सेवा घेणाऱ्या पाहुण्याला आरंभी ‘उस्तेद’ म्हणावे. समोरच्यानेच ‘तू’ म्हणायला सुचवले तर मोकळेपणाने ‘तू’वर यावे. ‘तू म्हणणे’ यासाठी स्पॅनिशमध्ये ‘तुतेआर’ असे स्वतंत्र क्रियापद आहे. मराठीत आपल्याजवळ ‘अरेतुरे करणे’ आहे. फरक इतकाच, की आपल्या शब्दात अपमानाची धार आहे आणि त्यांच्या शब्दात बहुधा जवळिकीचे आमंत्रण असते. देशोदेशी रीतही वेगळी. स्पेनमध्ये लोक आज लवकर ‘तू’वर येतात; कोलंबियाच्या काही भागांत घरच्या माणसांतही ‘उस्तेद’ चालते. अर्जेंटिना, उरुग्वे आणि मध्य अमेरिकेचा बराच भाग यांत जुने ‘बोस’ अजून जिवंत आहे, पण ते आता आदराचे नाही, मैत्रीचे आहे. अनेकांना आपुलकीने ‘बोसोत्रोस’ म्हणण्याची पद्धत स्पेनमध्ये आहे; अमेरिका खंडात सर्वांना ‘उस्तेदेस’. नवशिक्याने हे सारे ओळखावे, आणि स्वतः बोलताना ‘तू’, ‘उस्तेद’, ‘उस्तेदेस’ या तिघांवर निभावून न्यावे.

आदराच्या बाबतीत मराठीची एक सवय मात्र तिथे सोडावी लागते. आपण “साहेब आले” म्हणतो आणि “शिपाई आला” म्हणतो. पाठीमागे बोलतानाही एकाला अनेकवचन आणि दुसऱ्याला एकवचन. स्पॅनिशमध्ये पाठीमागे बोलताना साहेबही ‘एल’ आणि शिपाईही ‘एल’. बायकांना ‘एया’. आदर दाखवायचा तो नावापुढच्या उपपदाने, सर्वनामाने नव्हे. लिंगाचीही अशीच अदलाबदल आहे. ‘करतो’, ‘करते’ हा भेद त्यांच्या क्रियापदात नाही, पण विशेषणात आहे : पुरुष थकला तर ‘एस्तोय कान्सादो’, बाई थकली तर ‘एस्तोय कान्सादा’. आणि ‘आम्ही’ म्हणणाऱ्या सगळ्या स्त्रिया असतील तर ‘नोसोत्रास’. त्यांत एक जरी पुरुष मिसळला तरी ‘नोसोत्रोस’. शंभर भगिनींत एक बंधू येऊन बसला की व्याकरण त्याच्या बाजूने झुकते. यावर तिकडच्या स्त्रियाही वाद घालीत आहेत, आणि मला तो वाद रास्त वाटतो.

एका ठिकाणी आपली मराठी त्यांच्याहून श्रीमंत आहे. आपल्याजवळ ‘आम्ही’ आहे आणि ‘आपण’ आहे. ‘आम्ही संपावर जाणार’ म्हटले तर ऐकणारा बाहेर राहिला. ‘आपण संपावर जाऊ’ म्हटले तर तो आत आला. निजामाच्या राज्यातले आपले जुने शेजारी तेलुगू लोक, त्यांच्या भाषेतही हा भेद आहे. स्पॅनिश ‘नोसोत्रोस’मध्ये तो नाही. त्या शब्दाची मूळ फोड ‘नोस ओत्रोस’, म्हणजे ‘आम्ही, ते दुसरे’ अशी आहे. जन्माने तो शब्द कुंपण घालणारा आहे. म्हणून ऐकणाऱ्याला आत घ्यायचे असेल तर ‘तोदोस’, म्हणजे ‘सगळे’, हा शब्द जोडावा, किंवा सरळ ‘बामोस’ म्हणावे. ‘बामोस’ म्हणजे ‘चला, जाऊ या’. सभेत माणसे उठवताना ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत काय अंतर पडते, हे संघटनेत काम केलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

इथवर व्याकरण झाले. आता ते मला का महत्त्वाचे वाटते ते सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका कारखान्यात, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, आम्ही मागण्यांची यादी करीत होतो. पगारवाढ, भत्ता, गणवेश, कँटीन असे सगळे झाले. मागे बसलेले एक वयस्क हेल्पर उठून म्हणाले, “पगाराचे तुम्ही बघालच. पण तो नवा सुपरवायझर माझ्या धाकट्या पोराएवढा आहे आणि मला अरेतुरे करतो. तेवढे थांबवता येईल का?” सभा गप्प झाली. गावात ज्यांच्या आजा-पणजाला पाटलाच्या पोराने ‘तू’ म्हटले आणि ज्यांनी त्या पोराला ‘मालक’ म्हटले, अशी माणसे त्या सभेत पुष्कळ होती. सर्वनामाची मागणी यादीत कुठल्या कलमाखाली घालावी, हे मला कळेना. शेवटी आम्ही ठरवले, की आधी आपण एकमेकांना कामावर ‘तुम्ही’ म्हणायचे. काही दिवस सगळ्यांना हसू येई. हळूहळू सवय झाली, आणि ज्याला त्याचे सोबती दिवसभर ‘तुम्ही’ म्हणतात त्याला एकट्यानेच ‘तू’ म्हणणे सुपरवायझरलाही जड जाऊ लागले. ते पुरते थांबले असे म्हणणार नाही. पण पुष्कळ कमी झाले.

या गोष्टीचे शास्त्र मला फार उशिरा वाचायला मिळाले. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९६० साली युरोपातल्या भाषांतील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा अभ्यास मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की या शब्दांमागे दोन शक्ती असतात : सत्ता आणि जवळीक. जिथे सत्ता बोलते तिथे वरचा खालच्याला ‘तू’ म्हणतो आणि खालचा वरच्याला ‘तुम्ही’. जिथे जवळीक बोलते तिथे दोघे परस्परांना एकच शब्द वापरतात, मग तो ‘तू’ असो वा ‘तुम्ही’. आई मला ‘तू’ म्हणते आणि मीही तिला ‘तू’ म्हणतो. त्यात कोणाचा अपमान नाही. विठोबालाही आपण ‘तू’च म्हणतो, आणि स्पॅनिश माणूसही आपल्या देवाला प्रार्थनेत ‘तू’ म्हणतो. पण नवरा ‘अगं’ म्हणणार आणि बायकोने ‘अहो’च म्हणायचे, तिथे शब्द परत येत नाही. बोचते ती परतफेड नसण्याची गोष्ट.

स्पॅनिश साहित्यातली सर्वांत प्रसिद्ध जोडी अशीच आहे. सर्व्हांतेसच्या ‘दोन किखोते’ या कादंबरीचे दोन भाग १६०५ आणि १६१५ साली निघाले. त्यात सेवक सांचो आपल्या धन्याला ‘बुएस्त्रा मेर्सेद’ म्हणतो आणि धनी त्याला बहुधा ‘तू’ म्हणतो. दोघे एकाच रस्त्याने जातात, एकत्रच मार खातात, तरी सर्वनामांची पायरी शाबूत राहते.

स्पेनच्याच कामगारांनी ती पायरी मोडण्याचा प्रयत्न केला. १९३६ साली यादवी युद्ध पेटले, तेव्हा बार्सेलोना शहर कामगारांच्या हाती आले. त्या वर्षाच्या अखेरीस तिथे पोचलेल्या जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने पुढे १९३८ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे, की शहरातून ‘सेन्योर’, ‘दोन’ आणि ‘उस्तेद’सुद्धा नाहीसे झाले होते, वेटर, दुकानदार, गिऱ्हाईक, सगळे एकमेकांना ‘तू’ आणि ‘कॉम्रेड’ म्हणत होते. आघाडीवर काही महिने काढून तो १९३७ च्या वसंतात परतला, तेव्हा ‘सेन्योर’ आणि ‘उस्तेद’ पुन्हा रूढ होऊ लागले होते. शहरात सत्तेचा काटा कुठे सरकतो आहे, हे त्याला लोकांच्या तोंडच्या सर्वनामांवरून कळले.

बार्सेलोनाचे कामगार सर्वांना ‘तू’वर आणू पाहत होते, आमच्या कारखान्यातले हेल्पर सर्वांना ‘तुम्ही’वर आणू पाहत होते. वाटा उलट दिसतात, पण मागणी एकच : जो शब्द मी तुम्हाला देतो तोच मला परत मिळावा.

आणखी एक उदाहरण देऊन आवरते घेतो. अमेरिकेत द्राक्षमळ्यांवर आणि भाजीपाल्याच्या शेतांवर राबणाऱ्या मेक्सिकन मजुरांची संघटना सेसार चावेस आणि दोलोरेस वेर्ता यांनी बांधली. १९७२ साली ॲरिझोनात चावेस यांचे उपोषण चालू असताना त्यांची एक घोषणा जन्माला आली : ‘सी, से पुएदे’. इंग्रजीत ती नेताना ‘आम्ही करू शकतो’ असा कर्ता घालावा लागतो. मूळ स्पॅनिशमध्ये मी नाही, आम्ही नाही, तुम्ही नाही. तिथला ‘से’ कर्त्याला मोकळे सोडतो. मराठीत ती शब्दशः उतरते : ‘होय, जमते!’ कोणाला जमते? जो उभा राहील त्याला.

मध्यंतरी आमच्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारले, “काका, आपल्या खोलीत झाडलोट करायला येतात त्या मावशींना स्पॅनिशमध्ये ‘तू’ म्हणायचे की ‘उस्तेद’?” मी तत्काळ उत्तर दिले, “उस्तेद. वयाने माझ्याहूनही मोठ्या आहेत.” ती वहीत लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, “मग मराठीत तुम्ही त्यांना ‘तू’ का म्हणता?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. तीस वर्षे दुसऱ्यांचे अरेतुरे थांबवण्यात गेली, आणि ती बाई इतकी वर्षे मला ‘तुम्ही’ म्हणत होती, ते माझ्या कानाला खुपलेही नव्हते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना “मावशी, चहा घेता का?” असे विचारले. त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “घेते. तुम्हीपण घ्या.”

आपल्यापैकी कोणी स्पॅनिश शिकायला निघाले तर एवढेच सांगेन, की इंग्रजी पुस्तक जवळ असू द्या, पण आत मराठीच्या दाराने शिरा. ‘यो’ गाळा, ‘उस्तेद’ ठेवा, ‘मला आवडते’ची घडी मोडू नका. आणि वहीत ‘तू’ व ‘उस्तेद’ असे दोन रकाने आखाल, तेव्हा त्यांत आपल्या रोजच्या ओळखीच्या माणसांची नावे घालून पाहा.